गाडी उचलावी की ओढा

“मुनीरभाई, खरं सांगा. ह्यातलं स्वस्त कुठलं आणि तुमच्या फायद्याचं कुठलं?”

मुनीरभाई माझ्या पिकअपखाली उताणे पडले होते, नुसते पाय बाहेर दिसत होते. खालून आवाज आला, “रंगराव, तू घरचा चहासुद्धा हुंगून पितोस काय रे?”

गॅरेजातली माणसं हसली. मी हसलो नाही. माझा स्वभाव तसाच आहे, आजही. बाजारात भाजीवालीनं आपणहून जास्तीची जुडी पिशवीत टाकली, तर मी आधी ती सोडून आत सडकं काय आहे ते बघतो. माणूस उगीच कुणाला काही देत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

मुनीरभाई सरपटत बाहेर आले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, “ऐक. गाडी उचलायचे तीन रस्ते. मोठे टायर घाल. गाडी सगळीच वर येते, ॲक्सलच्या मधल्या गोळ्यासकट. पण त्या पैशात तुझ्या दारात दुसरी म्हैस येईल. दुसरं, कमानीचे पाटे वाढव. गाडी उचलेल, पण अशी ताठ होईल की वर भरलेल्या दुधाचं खाली येईपर्यंत लोणी. आणि तिसरं हे.” त्यांनी लोखंडाचे दोन आडवे ठोकळे एकमेकांवर आपटून दाखवले. “मागच्या ॲक्सलवर हे ठेवायचे, वर कमान, लांब बोल्टांनी आवळायचं. पुढच्या कमानीच्या कड्या, म्हणजे शॅकल, बदलायच्या. चार बोटं गाडी वर. गरिबाची उंची आहे ही.”

“टिकतील?”

“बोल्ट आवळत राहिलास तर टिकतील.”

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, भिंतीशी टाकलेल्या जुन्या टायरवर काठी धरून बसले होते. सगळा जन्म बैलगाडी हाकलेला माणूस. ते एकदम म्हणाले, “चौथा रस्ता हाय की. गाडी कशापायी उचलतूस? ओढा उचल.”

पुन्हा सगळे हसले. ह्या वेळी मीही हसलो, पण मनात म्हटलं, तात्यांना हे आता का सुचलं?

ओढा म्हणजे खडकीचा ओढा. त्याच्या पलीकडं डोंगरावर पठारवाडी, धनगरांची वस्ती. घरटी म्हशी, दूध भरपूर, आणि खाली यायला वाट एकच, ओढ्यातून. वाट कसली, मधोमध पाठ वर काढून बसलेला काळा खडक आणि त्याच्या दोन्ही अंगाला खळगे. वरच्या बायका डोक्यावर कॅन घेऊन ओढा उतरायच्या आणि अलीकडच्या काठावर आमच्या गाड्यांत दूध घालायच्या. आमच्या म्हणजे दोघांच्या, माझी पिकअप आणि हिंदुरावचा तीनचाकी टेम्पो. अर्धं दूध त्याचं, अर्धं माझं, आणि दोघंही एकमेकांच्या कॅनकडं तिरक्या डोळ्यांनी बघायचो.

त्या पावसाळ्यात एक बाई ओढ्यात घसरली. हात मोडला, दूध वाहून गेलं. डेअरीच्या चेअरमननी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, “इथून पुढं गाडी वाडीत गेली पाहिजे. दिवाळीपर्यंत बघतो. ज्याची गाडी रोज वर चढेल त्याला सगळं दूध. दुसऱ्यानं घरी बसायचं.”

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आधीच्या वर्षी काम नव्हतं तेव्हा गाडी दारात उभी असायची आणि माझी बायको मंदा तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायची. बॉनेटवरचे पापड बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. गाडी हातची गेली की मग मी कुणाच्या तरी बांधावर मजुरीला.

म्हणून ठोकळे. मी मुनीरभाईंना म्हटलं, “घाला.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हिंदुराव भेटला. बशीतला चहा फुरका मारून पीत मला म्हणतो, “रंगा, गाडी उचलण्यापरास ओढा उचल की लेका!”

माझा हात तिथंच थांबला. शब्दाला शब्द तात्यांचा. घरी येऊन मी विचारलं, “तात्या, तुम्ही हिंदुरावशी काय बोललात?”

“बोललो की. गावात ऱ्हातुया, मुक्यानं ऱ्हाऊ व्हय?”

“ओढ्याबद्दल बोललात?”

“पाण्याबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. तुझ्या परवानगीनं तोंड उघडायचं का आता?”

माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. ओढ्याचा तळ दगडांनी भरून वर आला तर फायदा कुणाचा? माझी गाडी ठोकळ्यांवर तशीही जाणार होती. तळ भरला तर जाईल तो हिंदुरावचा बसका टेम्पो. मग हे खूळ निघालं कुणाच्या डोक्यातून, आणि घातलं कुणी कुणाच्या डोक्यात?

गाडी तयार होऊन आली. दारात उभी केली तर शेजारचे बघायला आले. चार बोटंच वाढली होती, पण ऐटदार दिसत होती. सकाळी निघताना तात्या नेहमीसारखे आले. गाडी घेतल्यापासून डावीकडची सीट त्यांची. रोज सकाळी माझ्याबरोबर ओढ्यावर यायचे, आणि पहिल्या कॅनमधलं ओंजळभर दूध काठावरच्या म्हसोबाला घालायचे. ओढ्यात चाक घालायचं तर आधी म्हसोबाला विचारायचं, ही त्यांची बैलगाडीच्या दिवसांपासूनची रीत. मी पलीकडं जात नव्हतो तेव्हाही त्यांनी ती मोडली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी दाराला हात घातला, पाय उचलला, आणि खाली ठेवला.

“मला आज रानात जायाचंय,” ते म्हणाले. “वांग्यास्नी पाणी न्हाई.”

“आज? आज गाडी पहिल्यांदा ओढा ओलांडणार, आणि तुम्ही रानात?”

“वांगी काय तुझ्या गाडीसाठी थांबत्यात व्हय?” आणि काठी टेकत मागं वळले.

मी एकटाच गेलो. म्हसोबाला दूध मीच घातलं, नारळ फोडला, गाडी ओढ्यात घातली. खडकावर आली तेव्हा श्वास धरला होता. खाली काही घासलं नाही. पलीकडचा चढ पहिल्या गिअरमध्ये चढून वाडीत पोचलो तेव्हा बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, म्हाताऱ्यांनी चाकांना हात लावून बघितलं. एका पोरीनं विचारलं, “बाबा आलं न्हाईत?” मला कसंतरीच झालं. आज पाहिजे होते तात्या तिथं. आले नाहीत म्हणून वाईट वाटलं, आणि का आले नाहीत म्हणून त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वांगी. मंदा म्हणाली, “अहो, मामंजींना काही होतंय का? विचारा तरी.”

तात्यांनी आतून ऐकलं. “मला काय धाड भरलीया?” म्हणून ओरडले.

मग एक दिवस ओढ्यावर पोचलो तर म्हसोबा ओला. दूध ताजं होतं, शेंदरावरून अजून ओघळत होतं. माझ्या आधी कोणीतरी येऊन गेलं होतं. हिंदुरावकडं आता ओढ्याच्या अलीकडची चार घरंच उरली होती, आणि त्यांचं दूध घ्यायला तो माझ्या आधी येतो हे मला माहीत होतं. पण तो कधी म्हसोबाला हात जोडणारा माणूस नव्हता. आणि ओढ्यात चाक घालायचं नसेल तर दूध कशाला घालायचं?

मी उतरून पाण्यात गेलो. खडकाच्या डाव्या अंगाच्या खळग्यात कुणीतरी दगड बसवले होते. आडवे, एकमेकांत अडकवून, निमुळती टोकं पाणी येतं त्या बाजूला करून. पोरांचा खेळ नव्हता तो. कुणीतरी गाडीवाट बांधत होतं.

रोज थोडी थोडी वाट पुढं सरकायला लागली. उद्या-परवा टेम्पोचं चाक त्यावरून जाईल, मग दिवाळीला चेअरमनपुढं दोन गाड्या उभ्या, आणि माझे ठोकळे गेले पाण्यात. चहाच्या टपरीवर हिंदुराव मला बघून हसायचा. पूर्वीही हसायचा म्हणा, पण आता ते हसू मला टोचायचं.

“मामंजी रानात जातच नाहीत,” मंदानं एका संध्याकाळी सांगितलं. “मी बघून आले. वांगी पार सुकलीत.”

“मग जातात कुठं?”

ते तिलाही ठाऊक नव्हतं. मलाच दोन दिवसांनी दिसलं. वाडीतून दूध घेऊन उतरत होतो. वरच्या वळणावरून खालचा रस्ता दिसतो. हिंदुरावचा टेम्पो गावाकडं चालला होता आणि त्याच्या शेजारी पांढरा पटका. तो पटका मी हजार माणसांत ओळखला असता. माझा बाप, माझ्या गाडीत बसायचं सोडून, हिंदुरावच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

काय झालं मला, कुणास ठाऊक. गाडी ओढ्याजवळ थांबवली, पाण्यात उतरलो आणि ते सगळे दगड उपसून फेकायला लागलो. नखं फुटली, विजार भिजली, तरी थांबलो नाही. वाट होती तिथं पुन्हा खळगा केला. मग डेअरीला दूध घातलं आणि रात्री तात्यांच्या समोर बसून भाकरी खाल्ली. तेही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच निघालो. गाडी वळणाआड लावली आणि चालत ओढ्याकडं गेलो. हिंदुरावचा टेम्पो काठावर उभा होता. तो स्वतः एक मोठा दगड छातीशी कवटाळून पाण्यात उतरत होता. आणि ओढ्यात, चक्क पाण्यात बसलेले, तात्या. धोतर वर खोचलेलं, कमरेपर्यंत भिजलेले, हातात पहार. उजवा पाय काठीसारखा सरळ पुढं पसरलेला. हिंदुराव दगड आणून टाकत होता आणि तात्या पहारीनं तो बरोबर जागी सारत होते.

“काय चाललंय?” मी ओरडलो.

हिंदुरावच्या हातातला दगड पडला. तात्या दचकले नाहीत. “दिसत न्हाई व्हय? दगूड बसवतुया.”

“कुणासाठी? ह्याच्या टेम्पोसाठी?”

“ओढा काय कुणाच्या बापाचा हाय? जो यील त्याच्यासाठी.”

“रानात जातो म्हणून सांगता आणि ह्याच्या शेजारी बसून येता? पोराच्या पोटावर पाय द्यायचा तर उघड द्या की, तात्या! असं लपून कशाला?”

तात्यांनी दगडाखालून पहार काढली. “काल सांजच्याला येऊन बघितलं, तर कुणीतरी मेल्यानं समदं उपसून टाकल्यालं,” ते म्हणाले. “पुन्यांदा पयल्यापासनं बसवायला लागलंया.”

“मीच टाकलं.”

“म्हायती हाय. चिखलात चप्पल उमटलीया की. डाव्या टाचंला झिजल्याली. बारका हुतास तवापासनं तसाच चालतूस.”

“माहीत होतं तर रात्री बोलला का नाहीत?”

“तू रागात हुतास. रागात असलेल्या बैलाला कोण समजावतंय?”

हिंदुराव कमरेवर हात ठेवून उभा होता. “तात्या, त्याला सांगा आता. का मी सांगू?”

“तू गप ऱ्हा.”

“गप ऱ्हाऊन माझ्या नावानं बोंब व्हायला लागलीया!” आणि तो माझ्याकडं वळला. “रंगा, तुझ्या गाडीत त्यांचा पाय चढंना झालाय. उजवा गुडघा पार आखडलाय. आधी कसंतरी दाराला लोंबकळून चढायचं. तू गाडी वर नेलीस, मग तेबी जमंना. माझी गाडी बसकी हाय, तीत बसत्यात. कळलं?”

मी तात्यांकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते.

“आणि तुझा ह्यात काय फायदा?” मी हिंदुरावला विचारलं. अशा वेळीसुद्धा माझ्या तोंडातून तेच निघालं.

“फायदा हाय की! वाट झाली तर मीबी वर जाणार. तुझ्या बापाला फुकट फिरवायला मी काय साधुसंत हाय व्हय?”

खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं. त्याचा फायदा एकदाचा कळला, म्हणून त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवता आला.

मी पाण्यात उतरलो. “तात्या, मला सांगायचं ना. मी ठोकळे घातलेच नसते.”

“म्हणून तर सांगितलं न्हाई,” तात्या म्हणाले. “ठोकळं न्हाई म्हंजी वर जाणं न्हाई, वर जाणं न्हाई म्हंजी दूध न्हाई. माझ्या एका पायापायी पोरांच्या तोंडचं काढू व्हय? म्हटलं, ओढाच वर आणावा. ओढा वर आला म्हंजी तुझी गाडी आपसूक खाली यील.” जरा थांबून म्हणाले, “तवर म्हसोबाला दूध घालायला कुणीतरी यायाच पायजे. तू घाईत निम्मं खाली सांडतूस.”

मी वाकून त्यांच्या खांद्याखाली हात घातला. “चला. मी उचलून बसवतो गाडीत.”

त्यांनी पहार वर केली. “खबरदार! मी काय दुधाचा कॅन हाय व्हय, उचलून ठेवायला?”

ते हिंदुरावच्या टेम्पोतून घरी गेले. मी वर जाऊन दूध आणलं, डेअरीला घातलं आणि तसाच मुनीरभाईंच्या गॅरेजात गेलो.

“ठोकळे काढा.”

“का? उंची कमी पडली का?”

“जास्त झाली.”

मुनीरभाईंनी माझ्या भिजलेल्या कपड्यांकडं बघितलं आणि काही न विचारता पाना उचलला. काढलेले ठोकळे मी सीटमागं टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. गाडीकडं बघितलं, खाली वाकून चाकाच्या वर बघितलं. दाराला हात घातला, डावा पाय पायरीवर ठेवला, उजवा हातानं धरून आत ओढला, कण्हले आणि बसले. पटका सारखा केला. “हं, चल. उशीर झालाय.”

ओढ्यावर त्यांनी म्हसोबाला दूध घातलं, एक थेंब बाहेर न सांडता. मग दोन दिवस बायका पुन्हा कॅन घेऊन काठावर आल्या, आणि आम्ही तिघांनी उरलेले दगड बसवले. तात्या हुकूम सोडायचे, मी आणि हिंदुराव वाहायचो. हिंदुराव मध्येच म्हणायचा, “आज तुझा दगूड बारका, रंगा,” आणि मी मुद्दाम मोठा आणायचो.

पहिली गाडी माझी गेली. तात्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ओरडत होते, “डाव्या अंगाला घे! आणि थोडं! माझ्या दगडावर चाक ठिव!” मधोमध खाली एकदा खर्रकन घासलं. पण गाडी थांबली नाही, पुढचं चाक चढाला लागलं आणि आम्ही पलीकडं आलो. तात्यांनी मागं वळून बघितलं. हिंदुरावचा टेम्पो ओढ्यात उतरत होता.

“आता हाही रोज येणार,” मी म्हटलं.

“यील की. निम्मं दगूड त्यानं वाह्यल्यात.”

दिवाळीला चेअरमननी निकाल दिला. सकाळचं दूध माझं, संध्याकाळचं हिंदुरावचं. मला सगळं मिळालं असतं, ते अर्धं झालं. मजुरीला जायची पाळी आली नाही, एवढंच. संध्याकाळी गाडी दारात उभी राहायची आणि मंदा पुन्हा बॉनेटवर पापड घालायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. सकाळी सीटवर तात्या असायचे.

पुढं तीनेक वर्षांनी त्यांना खाटेवरून उठणंही जड जायला लागलं. खाट जुनी, बुटकी. उठताना दोन-तीनदा झोका घ्यायचे आणि पुन्हा बसायचे, आणि आम्ही कुणी बघत नाही ना हे बघायचे. मंदा पुढं झाली की चिडायचे.

एके दिवशी मी सीटमागून ते ठोकळे काढले आणि मुनीरभाईंकडं नेले. त्यांनी दोन्ही मधोमध कापून चार केले, वर खाटेचा पाय बसेल एवढी खाच पाडून दिली. तात्या बाहेर उन्हाला बसले होते तेवढ्यात मी खाटेच्या चारी पायांखाली एकेक सारला. चार बोटं खाट वर आली.

तात्या आत आले. बसले. पाय जमिनीला टेकवून बघितले. मग वाकून खाटेखाली बराच वेळ बघत राहिले. ठोकळे ओळखले त्यांनी.

“मुनीरनं काय घेतलं ह्याचं?”

“काही नाही. कापायचेसुद्धा घेतले नाहीत.”

“मग त्याचा काय फायदा ह्यात?”

“काही नाही, तात्या.”

त्यांनी पटका सारखा केला. “तर मग जपून ऱ्हा त्याच्यापासनं,” म्हणाले, आणि काठी न घेता उठून दारापर्यंत गेले.